घरी बांधलेला मिडी कंट्रोलर बिघडतो तेव्हा

"मामा, पहिले चार नॉब मस्त चालतात. पाचव्यापासून आठव्यापर्यंत सगळे १२७ वर अडकलेत. फिरवले तरी आकडा हलत नाही."

भाची ध्वनिमुद्रणाचं काम शिकते. लॅपटॉपवरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, माउसने ओढून कंटाळली, म्हणून तिने आठ नॉब आणि आठ बटणांचा मिडी कंट्रोलर, म्हणजे संगणकाला हुकूम देणारा डबा, स्वतः बांधायला घेतला. प्लॅस्टिकचा डबा, प्रो मायक्रो नावाचा बोटाएवढा बोर्ड आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेले पॉट (पोटेन्शिओमीटर), म्हणजे नॉबखाली बसणारे फिरते भाग. ती नुसतं "चालत नाही" म्हणाली असती, तर मला तिच्या घरी जाऊन डबा उघडावा लागला असता. तिने आकडा सांगितला, त्यामुळे दुखणं कुठे आहे ते फोनवरच जवळजवळ कळलं. ते कसं, हे समजण्यासाठी आधी मिडीच्या तारेतून काय वाहतं ते पाहू.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. जातात ते हुकूम: अमुक सूर, इतक्या जोराने, सुरू कर, तमुक सूर सोड, अमुक क्रमांकाचा नॉब आता इतक्यावर आहे. आवाज तयार करणं हे पलीकडच्या सिंथेसायझरचं किंवा संगणकातल्या सॉफ्टवेअरचं काम. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका तारेने जोडून वाजवून दाखवले गेले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांच्या पुढाकारातून ही भाषा उभी राहिली, आणि २०१३ मध्ये दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. चाळीस वर्षांपूर्वीचं वाद्य आज आणलेल्या बोर्डाशी बोलू शकतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

एक हुकूम साधारण तीन आकड्यांचा असतो. पहिला आकडा १२८ किंवा त्याहून मोठा, आणि तो काय करायचं ते सांगतो. पुढचे दोन ० ते १२७ मधले. पहिल्या चॅनेलवर मधला सा म्हणून मिडल सी वाजवायचा असेल तर १४४, ६०, १०० असे आकडे जातात: सूर सुरू कर, साठावा, शंभर जोराने. सोडताना १२८, ६०, ०. नॉबसाठी १७६, मग नॉबचा क्रमांक, मग किंमत. आवाजासाठी ७, सस्टेन पेडलसाठी ६४ असे काही क्रमांक ठरलेले आहेत. म्हणजे भाचीचे चार नॉब "मी पूर्ण वर आहे" एवढंच सांगत अडून बसले होते.

बोटापासून कानापर्यंत ही एक साखळी आहे. बोट, नॉब, तार, बोर्डाचा पिन, प्रोग्रॅम, हुकूम, केबल, संगणक, सॉफ्टवेअर, स्पीकर. आवाज आला नाही की माणूस पहिल्या कडीपासून तपासायला लागतो, किंवा घाईने शेवटच्या कडीवर घसरतो आणि सॉफ्टवेअर काढून पुन्हा घालतो. साखळी मधोमध तोडून पाहणं कितीतरी जलद. त्यासाठी येणारे हुकूम जसेच्या तसे दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लागतो. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, लिनक्सवर एसेकडंप, सगळे फुकट. नॉब फिरवा आणि खिडकीत बघा. आकडे बरोबर येत असतील तर डबा निर्दोष, गडबड सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये. आकडेच येत नसतील तर सॉफ्टवेअरला हातही लावू नका. अर्धी साखळी एका मिनिटात बाद होते.

आता भाचीचा १२७. पॉटला तीन पाय असतात. एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट, आणि मधला पाय म्हणजे या दोन टोकांमधल्या कार्बनच्या पट्टीवर सरकणारी बोटासारखी पत्ती. पत्ती जिथे असेल तिथलं व्होल्टेज बोर्ड मोजतो, ० ते १०२३ मध्ये, आणि प्रोग्रॅम त्याला आठाने भागून ० ते १२७ करतो. यातला ग्राउंडचा पाय सुटला तर पट्टीत प्रवाहच वाहत नाही, सगळी पट्टी ५ व्होल्टवर जाऊन बसते आणि आकडा कायम १२७. पाच व्होल्टचा पाय सुटला तर कायम ०. मधला पाय सुटला तर आकडा कुठेही भटकतो, हात जवळ नेला तरी हलतो. दोन्ही टोकं उलटी जोडली गेली तर नॉब उलटा चालतो, ते काही बिघडणं नव्हे.

एक जोडणी मात्र खरी घातक. पाच व्होल्टची तार चुकून मधल्या पायाला लागली, तर नॉब ग्राउंडच्या टोकाकडे नेताना पट्टीचा उरलेला तुकडा लहान होत जातो आणि शेवटी ५ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात. पॉट तापतो, जळका वास येतो, कधी लॅपटॉप यूएसबी बंद करून टाकतो. म्हणून पहिल्यांदा वीज देण्याआधी प्रत्येक पॉटचा मधला पाय डोळ्यांनी एकदा बघावाच.

भाचीने ग्राउंडची तार एका पॉटवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेसारखी ओवली होती. सगळे तसंच करतात. पहिले चार ठीक आणि पुढचे चारही १२७, म्हणजे माळ चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये तुटली आहे.

"चौथ्या आणि पाचव्यामधली काळी तार बघ."

"बघितली. मीटर लावला तर बीप येतोय की!"

इथे तिचं चुकलं नव्हतं, मीटरनेच फसवलं होतं. सोल्डर पायाला नीट धरलेलं नव्हतं. आपल्याकडे दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. मीटरची टोकदार सळई त्यावर दाबली की तेवढ्यापुरता संपर्क होतो, बीप येतो; सळई उचलली की पुन्हा तुटतो. म्हणून सळई सोल्डरच्या गोळ्यावर टेकवू नये. एक सळई चौथ्या पॉटच्या धातूच्या पायावर, दुसरी पाचव्याच्या पायावर, गोळ्यापासून दूर, आणि मग लाकडी काडीने तार हळूच हलवायची. तिने अगरबत्तीची काडी घेतली. तार हलली की बीप तुटत होता. भिंगातून पाहिलं तर पाचव्या पॉटच्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग. चांगला जोड चकचकीत असतो आणि पायाच्या कडेने उतार घेत पसरतो. हा मातकट, फुगलेल्या थेंबासारखा बसला होता. सोल्डर करताना गरम टोक आधी पायाला आणि तारेला लावून दोन्ही तापवायचे आणि सोल्डरची तार पायाला टेकवायची. तिने सोल्डर टोकावर वितळवून थेंब नुसता वर ठेवला होता. थोडा फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरवणारा लेप, लावून जोड पुन्हा तापवला, चारही नॉब जिवंत झाले.

दुसऱ्या दिवशी नवीन तक्रार. कोणीही हात लावत नसताना तिसरा नॉब मॉनिटरच्या खिडकीत ६३, ६४, ६३, ६४ असा अखंड हुकूम सोडत होता. जवळजवळ प्रत्येक पहिल्या कंट्रोलरला हा आजार होतो आणि लोक उगाच पॉट बदलतात. बोर्डाने वाचलेला आकडा कधीच दगडासारखा स्थिर नसतो, एखाद-दुसऱ्याने हलतोच. नॉब नेमका ५११ आणि ५१२ च्या सीमेवर थांबला तर ५११ भागिले ८ म्हणजे ६३, आणि ५१२ भागिले ८ म्हणजे ६४. एका कणाची थरथर भागाकारानंतर पूर्ण पायरीची होते. उपाय प्रोग्रॅममध्ये आहे: शेवटचा हुकूम पाठवताना जो कच्चा आकडा होता तो लक्षात ठेवायचा, आणि नवा आकडा त्यापासून किमान सात-आठने सरकल्याशिवाय काही पाठवायचंच नाही.

याचा एक उपद्रव आहे. शेवटचा हुकूम १०१५ ला गेला असेल तर पुढे १०२३ पर्यंत जेमतेम आठच उरतात, आणि नॉब पूर्ण फिरवूनही १२६ वर अडतो. आवाज पूर्ण बंद होत नाही, पूर्ण उघडत नाही, हे वाजवणाऱ्याला फार खुपतं. म्हणून दोन्ही टोकांना सूट द्यावी: कच्चा आकडा ८ च्या खाली आला की सरळ ०, १०१५ च्या वर गेला की सरळ १२७, तेही एकदाच.

थरथर एक-दोनची नसून वीस-तीसची असेल तर मात्र कारण विजेत असतं. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बघा. थरथर थांबली तर चार्जरचा गोंगाट आत येतो आहे. मधला पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग), म्हणजे दुकानात ज्यावर १०४ लिहिलेलं असतं तो, बोर्डाच्या पिनाजवळ लावला की बराच आराम पडतो.

तिसरा नॉब फिरवला की चौथ्याचा आकडाही सरकतो, अशी तक्रार आली तर पॉटवरची किंमत वाचा. बोर्डात मोजणारं यंत्र एकच असतं आणि ते पाळीपाळीने प्रत्येक पिन बघतं. आत एक चिमुकला कपॅसिटर असतो, तो प्रत्येक वेळी नव्या व्होल्टेजला भरावा लागतो. पॉट १०० किलोओहमचा असेल तर तो वेळेत भरत नाही आणि आधीच्या नॉबची उष्टी किंमत पुढच्याला चिकटते. या चिपा बनवणारे १० किलोओहम किंवा त्याहून कमी विरोध सुचवतात, म्हणून बी१०के असं लिहिलेला पॉट मागावा. बी म्हणजे समान चालीचा. ए लिहिलेला पॉट आवाज कमी-जास्त करण्यासाठी वेड्यावाकड्या चालीचा असतो. तो लावला तर अर्ध्या फेरीपर्यंत आकडा जेमतेम हलतो आणि मग एकदम पळतो. दुकानदार दोन्हींना "व्हॉल्यूम" म्हणून पुडीत घालून देतो, तेव्हा काउंटरवरच अक्षर वाचून घ्या.

बटणांचं दुखणं वेगळं. बटण दाबलं की आतली धातूची पट्टी एकदाच टेकत नाही. टेकते, उसळते, पुन्हा टेकते, काही मिलिसेकंद हे चालतं. बोर्ड इतका वेगवान की त्याला बटण चार-पाच वेळा दाबल्यासारखं वाटतं, आणि एका दाबात ड्रमचा फटका तीनदा ऐकू येतो. पहिली टेक लगेच मान्य करायची आणि पुढचे दहा-पंधरा मिलिसेकंद त्या बटणाकडे बघायचंच नाही. उलट पद्धत, म्हणजे आधी थांबून खात्री करून मग हुकूम पाठवणं, तालवाद्याला घातक. बेंजो पथकात ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला विचारा, दहा मिलिसेकंदांचा उशीर त्याच्या हाताला कळतो.

चार पायांचं छोटं बटण कायम दाबलेलंच दिसत असेल तर ते नव्वद अंशांनी फिरवून बसवलं गेलं आहे. त्याचे चार पाय आतून दोन-दोन जोडलेले असतात. समोरासमोरचे तिरके दोन पाय वापरले की ही चूक होऊच शकत नाही. आणि बटणं जास्त म्हणून आडव्या-उभ्या तारांची जाळी केली असेल, तर प्रत्येक बटणाबरोबर १एन४१४८ हा पैशांत स्वस्त डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावाच. नाहीतर आयताच्या तीन कोपऱ्यांची बटणं दाबली की चौथ्या कोपऱ्याचा सूर आपोआप वाजतो, आणि तो शोधताना माणूस भुताखेतावर विश्वास ठेवायला लागतो.

संगणकाला बोर्डच दिसत नसेल तर सगळ्यात आधी केबल बदला. फोन चार्ज करायच्या पुष्कळ केबलींमध्ये वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, आणि म्हणून केबलवर कोणाचा संशय जात नाही. दुसरं कारण बोर्डाची जात. जुना, म्हणजे आर३ पर्यंतचा, आर्डुइनो युनो संगणकाला मिडी वाद्य म्हणून ओळख देत नाही, कारण त्याची मुख्य चिप यूएसबीला थेट जोडलेलीच नसते. लिओनार्डो, प्रो मायक्रो, टीन्सी किंवा रास्पबेरी पाय पिको घेतला तर हा प्रश्न येत नाही. पिको ३.३ व्होल्टचा आहे, हे मात्र विसरू नका. त्याच्या पॉटला ५ व्होल्ट दिले तर पिन जळू शकतो.

जुन्या सिंथेसायझरशी बोलायचं असेल तर यूएसबी नाही, पाच पायांचं गोल सॉकेट लागतं. इथे सर्वाधिक लोक एकाच जागी अडखळतात. सॉकेटच्या पायांचे क्रमांक ओळीने नाहीत. अर्धवर्तुळावर ते १, ४, २, ५, ३ असे येतात. मिडीला लागतात ४ आणि ५, म्हणजे मधल्या २ च्या दोन बाजूंचे. शिवाय आकृती समोरून काढलेली असते आणि आपण सोल्डर मागून करतो, त्यामुळे डावं-उजवं बदलतं. तपासणी सोपी आहे: मिडी आउटच्या, म्हणजे हुकूम बाहेर पाठवणाऱ्या सॉकेटच्या, ४ आणि ५ मध्ये एक एलईडी लावा, लांब पाय ४ कडे, आणि नॉब फिरवा. दिवा लुकलुकला तर आउटचं सर्किट ठीक. लागलाच नाही तर एलईडी उलटा करून बघा. तेव्हा लागला तर पाय उलटे जोडले आहेत.

या तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. आकडा विचित्र वाटतो, पण दहा लाखांना ३२ ने भागलं की नेमका तोच येतो, आणि १ मेगाहर्ट्झच्या घड्याळातून तो सहज काढता येतो. प्रोग्रॅममध्ये सवयीने ९,६०० लिहिलं गेलं तर दिवा लुकलुकतो, पण पलीकडच्या वाद्याला काही उमगत नाही. तीन आकड्यांचा हुकूम पोचायला जेमतेम १ मिलिसेकंद लागतो. थरथरणारा नॉब याच अरुंद तारेवर सतत बडबडत राहिला तर खरे सूर रांगेत उभे राहतात आणि वादन जड वाटायला लागतं, हे त्याच आजाराचं दुसरं रूप.

मिडी इनच्या, म्हणजे हुकूम आत घेणाऱ्या सॉकेटच्या, बाजूला ऑप्टोकपलर नावाची चिप असते, बहुधा ६एन१३८. तिच्यात एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला त्या उजेडाने चालू होणारा ट्रान्झिस्टर. दोन वाद्यांमध्ये विजेची जोडणी होतच नाही, फक्त उजेड जातो, त्यामुळे भिंतीवरच्या दोन वेगळ्या सॉकेटांवर चालणाऱ्या वाद्यांचा घुंssss असा आवाज स्पीकरमध्ये येत नाही. म्हणूनच इनच्या सॉकेटचा २ क्रमांकाचा पाय ग्राउंडला जोडायचा नसतो. दुकानात ६एन१३८ नाही म्हणून ४एन३५ आणली, तर नेहमीच्या जोडणीत ती या वेगाला पुरत नाही. दिवा विझला तरी ट्रान्झिस्टर लगेच झोपत नाही, बिट एकमेकांत मिसळतात आणि भलतेच सूर वाजतात. आणि इनची तार जुन्या युनोच्या ० पिनाला जोडलेली ठेवून नवा प्रोग्रॅम चढवायला गेलात तर तो चढणार नाही, कारण यूएसबीही तोच पिन वापरतं. तार काढा, चढवा, पुन्हा लावा.

सूर अडकून वाजत राहणं, ही माझ्या मते सगळ्यात मनोरंजक चूक. सूर सोडण्याचा हुकूम हरवला की असं होतं. पण तारेत काही दोष नसतानाही होतं. कळ दाबून धरली, सूर ६० सुरू झाला. तेवढ्यात सप्तक वर नेणारं बटण दाबलं. मग कळ सोडली. प्रोग्रॅम नव्या हिशोबाने ७२ सोडतो, जो वाजतच नव्हता, आणि ६० अनाथ होऊन वाजत राहतो. प्रत्येक कळीने आपण दाबताना कोणता सूर पाठवला ते टिपून ठेवायचं आणि सोडताना तोच सोडायचा. तोवर एक बटण १२३ क्रमांकाचा "सगळे सूर बंद" हुकूम पाठवायला राखून ठेवा, कार्यक्रमात लाज राखली जाते.

भाचीला आता पुढचा डबा बांधायचा आहे: बोट सरकवून मींड घेता येईल अशी पट्टी. पेटीवर मींड निघत नाही हे तिचं जुनं शल्य. सूर सरकवण्याचा मिडीचा हुकूम, पिच बेंड, इतरांपेक्षा वेगळा आहे. त्याची किंमत दोन आकड्यांत, एक मोठ्या पायऱ्यांचा आणि एक छोट्या, अशी विभागून जाते, म्हणून ० ते १६३८३ इतक्या पायऱ्या मिळतात, मधली जागा ८१९२. बहुतेक वाद्यांत ती वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर सरकते. मींड मोठी हवी म्हणून पल्ला वर-खाली बारा अर्धस्वरांचा केला, आणि प्रोग्रॅमने फक्त मोठा आकडा पाठवून छोट्याला ० ठेवलं, तर पायऱ्या उरतात १२८ आणि एकेक पायरी जवळजवळ १९ सेंटची, म्हणजे अर्धस्वराच्या पाचव्या भागाची. कोमल ऋषभापासून षड्जावर उतरताना ती जिन्यासारखी टकटक ऐकू येते. दोन्ही आकडे पाठवले आणि बोर्ड पट्टीचे १०२४ टप्पे वाचत असेल, तर पायरी सव्वादोन सेंटच्या आसपास येते आणि जिन्याचा उतार होतो.

आकड्यांचा क्रमही ठरलेला आहे: २२४, मग छोटा, मग मोठा. परवा तिच्याकडे मींड अचानक उड्या मारायला लागली तेव्हा तिने फोन करून नुसती खिडकीतली ओळ वाचून दाखवली: "दोनशे चोवीस, चौसष्ट, शून्य." पट्टीला बोट लागलेलं नव्हतं. मधली जागा ८१९२ म्हणजे ६४ गुणिले १२८: छोटा आकडा शून्य आधी, मोठा चौसष्ट नंतर. "उलटे गेलेत ना, मामा?" असं तिनेच विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत तिने फोन ठेवून डबा पुन्हा केबलला लावला होता.